हट्ट्याला जायचा हट्ट

वीकेन्डला कुठे जायचं, या प्रश्नाची ऑफिसातली उत्तरं आता आपल्याला पाठ झाली आहेत. लोणावळा, अलिबाग, माथेरान. सुट्टी जोडून आली तर गोवा. त्यामुळे ‘हट्ट्याला चाललेय’ असं मी जाहीर केलं तेव्हा शेजारच्या क्युबिकलमधून पहिला प्रश्न आला, ‘कसला हट्ट?’

तर, हट्टा. जिल्हा हिंगोली, तालुका वसमत. पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसायचं, सकाळी परभणीला उतरायचं आणि तिथून रस्त्याने पुढे. मॉल नाही, रिसॉर्ट नाही, सनसेट पॉइंट नाही. एक बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर. तिच्यासाठी आम्ही दोघं दिवाळीनंतरच्या एका शनिवारी लॅपटॉप, ट्रायपॉड आणि खिशात मावेल एवढा प्रोजेक्टर घेऊन निघालो होतो.

दोघं म्हणजे मी आणि माझा एक मित्र. हा प्राणी प्रोजेक्शन मॅपिंग करतो. एखाद्या इमारतीच्या खिडक्या, कमानी, खांब अगदी इंच न् इंच मोजून त्यावर बरोब्बर चिकटून बसेल असा व्हिडिओ टाकायचा, की इमारत हलतेय, वितळतेय, उमलतेय असं वाटतं. पोट भरतं ते कारच्या लाँचवर आणि संगीत समारंभांवर. पण गेली दोन-तीन वर्षं त्याच्या डोक्यात एकच खूळ आहे, हवामानावर चालणारा व्हिडिओ. बाहेर वारा सुटला की भिंतीवरचं चित्र फडफडणार, ढग आले की रंग मंदावणार. आणि एक क्लायंट सापडला होता, ज्याला ‘महाराष्ट्राचा वारसा आणि टेक्नॉलॉजी’ असं काहीतरी हवं होतं. पिच तीन आठवड्यांवर. ते जमलं तर वर्षभराचं भाडं आणि दोन मुलांचे पगार सुटणार होते, त्यामुळे गंमत वाटली तरी मामला सिरियस होता.

गौदीची भिंत आणि आपला पाऊस

हे खूळ आलं कुठून? बार्सिलोनाहून. तिथे कासा बात्यो नावाचं घर आहे. अंतोनी गौदी या आर्किटेक्टने १९०४ ते १९०६ या काळात त्याचा पार कायापालट केला आणि २००५मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. हाडांसारखे खांब, मुखवट्यांसारख्या बाल्कन्या, रंगीत काचा आणि फुटक्या टाइल्सनी मढवलेली भिंत. २०२२च्या मे महिन्यात रेफिक अनादोल या तुर्की-अमेरिकन कलाकाराने त्या भिंतीवर व्हिडिओ टाकला. रस्त्यावर तोबा गर्दी. त्या कलाकृतीची गोम अशी की ती बार्सिलोनाच्या हवामानाच्या डेटावर बदलत राहते. त्याच महिन्यात तिची डिजिटल प्रत ख्रिस्तीजच्या लिलावात १३ लाख ८० हजार डॉलरना गेली. पुढे याच अनादोलने न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ म्युझियमच्या लॉबीत एक प्रचंड स्क्रीन लावला होता, त्यावरच्या चित्रांनाही बाहेरच्या हवेची खबर मिळत असे.

तसं पाहिलं तर आयडिया जुनी आहे. बॉस्टनमधल्या जुन्या जॉन हॅनकॉक बिल्डिंगच्या टोकावर १९५०पासून एक दिवा आहे. स्थिर निळा म्हणजे आकाश मोकळं, लुकलुकता निळा म्हणजे ढग, स्थिर लाल म्हणजे पाऊस, लुकलुकता लाल म्हणजे बर्फ. उन्हाळ्यात लुकलुकता लाल दिसला तर समजायचं की आज रेड सॉक्सची मॅच रद्द! डेटा, सेन्सर वगैरे शब्द कोणाच्या तोंडी नसताना एका इमारतीने अख्ख्या शहराला हवामान सांगितलं. मला अजूनही यातलं तेच सगळ्यात आवडतं.

आपल्याकडे काय आहे? सीएसएमटी सणावारी तिरंगी उजळते, किल्ल्या-वाड्यांवर लाइट अँड साउंड शो होतात, आणि उघड्यावरचे बहुतेक शो पाऊस आला की बंद. आपल्या शोंचा हवामानाला प्रतिसाद एवढाच.

गाडीत मी मित्राला कोल्हापूरचं उदाहरण दिलं. अंबाबाईच्या देवळात ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी असे दोन किरणोत्सव होतात. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. क्षितिजावर ढग असला, हवेत धूळ किंवा बाष्प जास्त असलं, किंवा वाटेत कोणी एखादा मजला वाढवला असला की किरणं अर्ध्यात विरतात. मग दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, किरणं कुठपर्यंत पोचली, किती मिनिटं थांबली. वारसा वास्तू, प्रकाश, हवामान, लाइव्ह ऑडियन्स, सगळं हजर. प्रोजेक्टर तेवढा नाही.

‘त्याला क्लायंट कुठून आणायचा?’ मित्र म्हणाला आणि वरच्या बर्थवर जाऊन झोपला.

पायऱ्या

परभणी सोडली की दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन. नोव्हेंबरात तुरीला पिवळी फुलं आलेली असतात, कापसाची वेचणी चाललेली असते आणि मधूनच केळीसारख्या रुंद पानांचे हिरवेगार पट्टे लागतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ओळखू येत नाही. हळद! वसमत आणि हिंगोलीचे बाजार हळदीसाठी प्रसिद्ध आहेत. आपल्या किचनमधल्या डब्यात जी पूड असते, ती इथल्या जमिनीत जूनपासून जवळजवळ नऊ महिने वाढते. मग काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश. ऑफिसात आपण ‘लॉंग टर्म प्रोजेक्ट’ म्हणतो तेव्हा तीन महिने धरतो, हा भाग वेगळा.

या जिल्ह्याचं वय फारसं नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून फुटून हिंगोली वेगळा झाला. पण त्यातलं बाकी सगळं पुरातन आहे. औंढ्याचं नागनाथाचं देऊळ, नामदेवांची नर्सी आणि गावोगावच्या बारवा. मराठवाड्यात यादवांच्या काळातल्या बारवा पुष्कळ. जुन्या शिल्पग्रंथांत त्यांचे प्रकारही दिले आहेत. उतरायला एकच वाट असली तर नंदा, दोन असल्या तर भद्रा, तीन असल्या तर जया आणि चार असल्या तर विजया. मुलींची नावं ठेवावीत तशी विहिरींची नावं.

मधल्या काळात नळ आले, बोअर आली आणि बारवांचं कचराकुंड्यांत रूपांतर झालं. २०२०मध्ये रोहन काळे या एचआरमध्ये काम करणाऱ्या तरुणाने (होय, आपल्यातलाच) ‘महाराष्ट्र बारव मोहीम’ सुरू केली. दुचाकीवर फिरून त्याने शेकडो बारवा शोधल्या, नकाशावर टाकल्या, गावकऱ्यांना सोबत घेऊन साफ केल्या. २७ मार्च २०२२च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचं नाव घेतलं. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव तुम्ही इन्स्टाग्रामवर नक्की पाहिली असेल. २०२१पासून महाशिवरात्रीला ठिकठिकाणच्या बारवांत पणत्या लावल्या जातात, तेही या मोहिमेमुळेच.

हट्ट्याच्या बारवेच्या काठावर उभं राहिलं की पहिल्यांदा कळतो तो आकार. वरून आपल्याला फक्त पायऱ्या दिसतात. काळ्या दगडाच्या, टप्प्याटप्प्याने आत आत जाणाऱ्या, आणि खाली पाणी. मित्राने ताबडतोब फोन काढला. ‘बघ ना, हा रेडीमेड स्क्रीन आहे. उलटा पिरॅमिड. प्रेक्षक वर, व्हिडिओ आत.’ बोलता बोलता तो खाली उतरलासुद्धा. मी जरा जपून. खालच्या पायऱ्या बुळबुळीत होत्या.

काठावर एक आजोबा बसले होते. धोतर, टोपी, हातात काठी. थोडा वेळ आमच्याकडे बघून त्यांनी विचारलं, ‘शूटिंग करायलाव का?’

मी म्हटलं, ‘नाही आजोबा, बघायला आलोय. पुण्याहून.’

‘बघा की मग. औंदा पाणी लई वर आलंय.’ आणि काठीने त्यांनी एक पायरी दाखवली. मला सगळ्या पायऱ्या सारख्याच दिसत होत्या. त्यांना नाही. कुठल्या पायरीला पाणी लागलं की उन्हाळा निभतो, कुठल्या पायरीच्या खाली गेलं की काळजी, हे ते गुडघा-कंबर मोजावी तसं सांगत होते. बहात्तरच्या दुष्काळातही बारव आटली नव्हती, असंही म्हणाले. (मराठवाड्यातल्या प्रत्येक जुन्या विहिरीबद्दल हे वाक्य ऐकायला मिळतं. काही विहिरींच्या बाबतीत ते खरंही असणार.)

त्या पायऱ्या बांधल्यात का, तर पाणी वरखाली होणार हे गृहीत धरून. भरपूर असेल तेव्हा चार पावलांत घागर बुडते. नसेल तेव्हा तितक्या पायऱ्या जास्त उतरायच्या. जमिनीतलं पाणी किती, हे रोज डोळ्यांना दिसतं. बोअरवेलमध्ये ही सोय नाही. बटण दाबलं, पाणी आलं, आणि एक दिवस नुसती हवा आली. २०१६मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा मराठवाड्यात अशा हवा ओकणाऱ्या बोअरची कमी नव्हती. खाली पाणी किती उरलंय ते आधी कोणाला दिसलंच नव्हतं.

निळं आणि सोनेरी

अंधार पडला तसा मित्राने छोटा प्रोजेक्टर लावला. नुसती टेस्ट. तोपर्यंत आठ-दहा पोरं जमली होती, त्यांच्यामागे दोन-तीन बाप्ये आणि आजोबांशेजारी येऊन बसलेल्या एक आजी. सगळे गप्प. मित्राने प्ले दाबलं.

काहीच दिसलं नाही.

म्हणजे व्हिडिओ चालू होता, पण दगडावर जेमतेम भुरकट सावली. तो फोकस करतोय, ब्राइटनेस वाढवतोय, पण ढिम्म. यामागे भुताटकी नाही, फिजिक्स आहे. बार्सिलोनाच्या त्या घराचा दगड फिकट, वर टाइल आणि काच. पडलेल्या उजेडातला बराचसा तो परत देतो. आपला सह्याद्रीपासून मराठवाड्यापर्यंतचा काळा बेसाल्ट बहुतेक उजेड गिळतो. त्यात तो ओला असला तर आणखी काळा होतो, कारण वरच्या पाण्याच्या पातळ थरात उजेड अडकतो आणि पुन्हापुन्हा दगडावरच आपटतो. म्हणजे पावसात चालणाऱ्या शोचा पडदा पावसातच सगळ्यात काळा. मोठमोठ्या इमारतींवर वीस-तीस हजार ल्युमेनचे प्रोजेक्टर एकाला एक जोडून लावतात. तसे इथे लावायचे म्हणजे जनरेटर, मचाण, केबल आणि हे सगळं पेलणारी, आठेकशे वर्षं जागची न हललेली पायरी. मित्राचा चेहरा पडला.

तेवढ्यात पोरं ओरडली. एक पोरगा प्रोजेक्टरसमोरून पळाला होता आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर व्हिडिओ लख्ख उमटला. झालं! सगळी पोरं रांग लावून उभी. शेवटी आजोबांचं धोतर हा त्या संध्याकाळचा बेस्ट स्क्रीन ठरला. आजी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

‘हे निळं निळं काय आहे?’ मागच्या एकाने विचारलं. चाळिशीचे असतील. त्यांचं सोयाबीन होतं, हळद होती.

मित्राने खुलून सांगितलं. पावसाचा डेटा येतो, त्यावर हे चालतं. पाऊस वाढला की निळ्या लाटा वाढतात. आणि फारच झाला की त्यात सोनेरी रंग मिसळतो, तेव्हा तर एकदम मस्त दिसतं.

ते भाऊ थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘म्हंजे आमचं सोयाबीन सडलं की तुमचं सोनेरी व्हणार म्हणा.’

आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने काय केलं ते आपण पुण्या-मुंबईत रील्समध्ये पाहिलंय. शेतांची तळी झाली, काढणीला आलेली पिकं पाण्यात गेली, जमिनी खरवडल्या. बार्सिलोनात पाऊस म्हणजे छत्री. हट्ट्यात पाऊस म्हणजे वर्ष.

मग त्यांनीच विचारलं, ‘आकडा दाखवता येतो का ह्याच्यात? हट्टा मंडळात आज किती पडला, ते. मोठ्या अक्षरात.’

हे मंडळ प्रकरण आपल्यासारख्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. मंडळ म्हणजे महसुलाचा एक छोटा भाग, काही गावांचा मिळून. हट्टा हे वसमत तालुक्यातलं असंच एक मंडळ. महाराष्ट्रात मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी, आणि नुकसानभरपाईची गणितं अशा नोंदींपासून सुरू होतात. आता पाऊस काही मंडळाची हद्द बघून पडत नाही. केंद्राजवळ रिमझिम आणि पाच किलोमीटरवर धो धो, असं होतंच. त्यामुळे गावाला पावसापेक्षा आकड्याची धास्ती जास्त. आणि तो आकडा शोधायचा तर कुठल्या तरी साइटवर किंवा तलाठ्याकडे.

गंमत बघा, याच जिल्ह्यात औंढ्याजवळ ‘लायगो’ची वेधशाळा उभी राहणार आहे. २०१६मध्ये तत्त्वतः मंजुरी, २०२३मध्ये २,६०० कोटींवर शिक्कामोर्तब. विश्वाच्या दुसऱ्या टोकाला कृष्णविवरं आदळली की प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक ती टिपणार. आणि इथे माणूस विचारतोय की माझ्या शेतात पाऊस किती पडला, ते कोणी मोजेल का.

आजी एवढा वेळ काही बोलल्या नव्हत्या. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, ‘कुठली गं माय तू? शिवरात्रीला ये. दिवे लावतेत.’ मग मित्राकडे बघून, ‘ह्याला बी आण. त्याचं ते यंत्र नको.’

परतीच्या गाडीत आमचं कडकडून भांडण झालं. माझं म्हणणं, बारवेला हात लावू नकोस. प्रोजेक्टरचा उजेड दगडाचं काही बिघडवत नाही, मान्य. पण त्याच्यासोबत येणारे क्लॅम्प, ट्रक, फूडस्टॉल आणि पाच हजार माणसं बिघडवतात. त्याचं म्हणणं, तू पुण्यात बसून हे बोलतेस. माणसं आली नाहीत म्हणूनच बारवांच्या कचराकुंड्या झाल्या, आणि लोकांना वाकून बघायला लावणारी प्रत्येक गोष्ट बारवेच्या फायद्याची आहे. यातलं त्याचं दुसरं वाक्य मला खोडता आलं नाही, हेही लिहून टाकते.

पिचमध्ये त्याने सोनेरी रंग काढून टाकला. बारवेचं फक्त रेखाचित्र ठेवलं, पायऱ्यांच्या आडव्या रेघा. पाऊस पडेल तशी पाण्याची रेघ एकेक पायरी वर चढते आणि बाजूला मंडळाचा आकडा, मोठ्या अक्षरात. प्रोजेक्शन दगडावर नाही. गावात चुना लावलेली कुठलीही भिंत चालेल, शाळेची, पंचायतीची. खर्च आधीच्या एक दशांश. क्लायंटचं उत्तर आलं, ‘नाइस, पण वॉव फॅक्टर मिसिंग आहे.’ आता दुसऱ्या दोन ठिकाणी त्याची बोलणी चालू आहेत आणि दरम्यान एका कारच्या लाँचचं काम घेतलंय. त्या रेखाचित्राचा डेमो माझ्या लॅपटॉपवर आहे. मी तो ऑफिसात कोपऱ्यात चालू ठेवते. मीटिंगमधून उठून आलं की आधी हट्ट्याची रेघ बघते.

कसं जाल? मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेस परभणीला थांबते. पुण्याहूनही परभणीमार्गे नांदेडला जाणारी रात्रीची गाडी आहे. परभणीहून हट्ट्याला एसटी किंवा जीप. त्याच फेरीत औंढा नागनाथ आणि नर्सी होतं. उन्हाळ्यात जाऊ नका, परभणीचा मे महिना सोसणार नाही. पावसाळा संपल्यावर जा, पाणी वर असतं. महाशिवरात्रीला जाणार असाल तर गावात आधी विचारून, पणत्या आणि तेल सोबत घेऊन जा. आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला वरच काढून ठेवा.